बिराप्पाची घोंगडी, नाईलकाठी

मी एक घोंगडी. काळीभोर, कडेला पांढरी रेघ असलेली. आता जिथं आहे, तिथं मला या नावानं कुणी ओळखत नाही. पण डोळा लागला की मला एकच माळ दिसतो, कवठे महांकाळच्या पलीकडचा, कुसळांनी पिवळा झालेला.

त्या माळावर बिराप्पाची मेंढरं चरायची. त्यांचीच लोकर कातरून, पिंजून आकाराम सणगरानं मला विणलं, चिंचोक्याची खळ लावून उन्हात ताणलं. मग मी बिराप्पाच्या खांद्यावर चढले. पावसात त्याची खोळ झाले, देवापुढं बैठक झाले, ओल्या कोकराचं अंथरूण झाले. त्याची लेक अंजना माझ्यावर पालथी पडून अभ्यास करायची.

माणसांचं मला नवल वाटतं. मेंढरू लंगडलं की साऱ्या कळपाला कळतं. माणूस मात्र दुखणं अंगातच दडवून ठेवतो.

अंजना शिकली, लष्करात सर्जन झाली, मेजर झाली. शांतिसेनेच्या इस्पितळात तिला आफ्रिकेला पाठवायचं ठरलं, तेव्हा बिराप्पानं मला तिच्या ट्रंकेवर आणून ठेवलं.

"आबा, तिथं भट्टीगत ऊन असतंय. घोंगडी कशाला?"

"आसू दे गं. परक्या मुलखात आपलं मानूस न्हाई, तर वास तरी आपला ऱ्हाऊ दे."

विमानातून मी खाली ढग पाहिले. कुणीतरी आभाळभर पांढरी लोकर पिंजून ठेवलीय, असं वाटलं. जाग आली तेव्हा नाईल नदीच्या काठी होते, तंबूंच्या इस्पितळात. पलीकडच्या तीरावर लढाई चालू होती. तिथून माणसं होडीतून यायची, कुणाच्या पोटात गोळी, कुणाच्या मांडीत. अंजना दिवसभर उभी असायची. खाटेवर टेकली की बसल्या बसल्याच झोपायची.

एका होडीतून माजोक नावाचा म्हातारा आला. गुराखी होता. नडगीत गोळी लागून पाय सडत चालला होता.

"पाय काढावा लागेल," अंजना म्हणाली. "नाहीतर जीव जाईल."

दुभाष्यानं त्याचं उत्तर सांगितलं, "गुरांमागं चालणार कोण? त्यापेक्षा मरू दे."

तिनं पुन्हा पुन्हा समजावलं. त्यानं तोंड फिरवलं. तापानं तो हुडहुडायला लागला, तशी अंजना मला घेऊन आली आणि त्याच्यावर घातलं. त्यानं मला नाकाशी धरलं, बराच वेळ हुंगलं.

"कुठलं जनावर?"

"मेंढी. माझ्या वडिलांची."

तेव्हा कुठं त्यानं तिच्या तोंडाकडं नीट बघितलं.

अंजनानं तिथूनच बिराप्पाला फोन लावला. त्या चिमुकल्या काचेत माझा माळ उजळला! सूर्य मावळतीला टेकला होता, धुळीतून कळप परतत होता. म्हातारा कोपरावर उठून बसला.

"इतकी जनावरं? चालवतो कोण?"

बिराप्पा हसला. "आवं दादा, माजं गुडघं कवाच गेल्यात. कळपामागं घरची मानसं चालत्यात. मी आपला बांधावर बसून हाळी देतो. जनावराला आपला पाय लागत न्हाई. आवाज लागतो."

अंजनानं ते इंग्रजीत सांगितलं, दुभाष्यानं सावकाश माजोकच्या बोलीत. माजोक काचेकडं आणखी वाकला. मग म्हणाला, "हाळी कशी देतो, ते ऐकव म्हणावं."

बिराप्पानं हाळी दिली. सारा तंबू दचकला, खाटांवरच्या जखमींनी माना उचलल्या. काचेतला कळप वळला. माजोक खदखदून हसला आणि हसता हसता रडायला लागला. डोळे पुसून त्यानं अंजनाला पायाकडं बोट दाखवून खूण केली. काप.

त्याला पडद्याआड नेलं, मी रिकाम्या खाटेवर वाट बघत पडले. रक्त थांबेना, असं कुणीतरी पळत सांगून गेलं. उन्हं कलली तरी पडदा हलला नाही. अखेर अंजना आली, खाटेशी खाली बसली आणि माझ्यात तोंड खुपसून हमसून रडली. थोड्या वेळानं म्हणाली, "वाचला गं."

त्याचे मुलगे न्यायला आले, तेव्हा म्हातारा मला सोडेना. अंजनानं माझी कड एकवार सारखी केली. "असू दे त्यांच्याकडंच." मग वाकून त्याच्या उरलेल्या पायाला हात लावला.

आता मी गवताळ मुलखात असते, शेणाच्या धुरात, लांब शिंगांच्या बैलांमध्ये. माजोक माझ्यावर बसून गुरांना साद घालतो. मी अर्धवट झोपेत असते. ही साद इथली की तिथली, मला कळत नाही, आणि आता कळायला हवं असंही वाटत नाही.

तुम्ही कधी कवठे महांकाळकडं गेलात, तर बिराप्पाला माझा रामराम सांगा. अंजनाची बदली आता बर्फाच्या मुलखात होणार आहे, निरोप देताना ती बोलली होती. तिच्यासाठी दुसरी घोंगडी करायला टाका म्हणावं. वीण दाट असू द्या. तिला थंडी फार वाजते, पण ती पोर कुणाला सांगायची नाही.