चौथा च्युऽक्

जेवणाची सुट्टी संपली की सुपरवायझर दातात काडी घालून शिलाईच्या हॉलमध्ये फिरायचे. बायका पाठीमागे त्यांना दातकोरे म्हणत. काडीने भागलं नाही की ते दात चोखत. च्यक्, च्यक्, च्यक्. मग जरा थांबून, अडकलेला कण जिभेने उपटून काढावा तसा ओला, लांबलचक च्युऽक्. आणि हे सगळं बटणवालीच्या मानेमागे उभं राहून, कारण पंखा तिथेच होता.

बटणवालीला मळमळायचं. नुकतं जेवलेलं घशाशी यायचं. त्याहून वाईट म्हणजे तिची बटणं फुटायला लागली होती. तिचं काम तसं सोपं. बटण चिमट्यात बसवायचं, सदरा खाली सरकवायचा, उजव्या पायाने पायपट्टी दाबायची. पण बटण नीट बसायच्या आत पाय पडला, तर सुई बटणावर आदळते आणि तुकडे उडतात. नऊ वर्षांत महिन्याकाठी एखादं फुटायचं. या आठवड्यात रोज पाच-सहा.

"उद्या एक जरी फुटलं ना," दातकोरे काडी या गालातून त्या गालात नेत म्हणाले, "तर परवापासून दोरे कापायला बस. मशीन दुसरीला देतो."

दोरे कापायचं टेबल म्हणजे कालपरवा आलेल्या पोरींचं. नऊ वर्षांनी तिथे बसायचं म्हणजे नाक कापल्यासारखंच. तिने कानात कापूस घालून पाहिला होता. आवाज बारीक झाला, तशी ती तो जास्तच कान देऊन ऐकू लागली.

हात धुताना शेजारच्या मशीनवरच्या मावशी म्हणाल्या, "तू त्याची वाट बघतेस, म्हणून फुटतात."

"शी! त्याची वाट? काहीतरीच काय, मावशी!"

"लेकीला दोरीच्या उड्या तूच शिकवल्यास ना? दोरी पायाशी आल्यावर उडी मारली तर?"

"अडकते. आधीच उडावं लागतं."

"आणि आधी कळतं कसं?"

"फिरणारी दोरी अंगात बसते. पुढचा फेरा कधी येणार ते पाय ओळखतात."

"मग? तीन च्यक् झाले की तुझं अंग चौथ्याची तयारी करतं. हा बाबा चौथा काढतो उशिरा. तुझा पाय बिचारा वेळेवर पडतो."

बटणवालीने आपल्या पायाकडे पाहिलं. त्या घाणेरड्या तोंडातला आवाज तिच्या पोटरीत शिरून बसला होता तर! पायही साबणाने घासावेसे वाटले.

"घासून निघायचा नाही तो," मावशी म्हणाल्या. "त्याच्यापेक्षा पक्का ठेका धर. तुझा."

दुसऱ्या दिवशी तिने डावी टाच खालच्या फळीवर आपटायला सुरुवात केली. ठक् बटण, ठक् सदरा, ठक् बोटं बाजूला, ठक् पायपट्टी. जेवणानंतर मानेवर उबदार, आंबूस श्वास आला. च्यक्, च्यक्, च्यक्. तिचा उजवा पाय उचलला गेला. चिमट्यात बटण तिरकं होतं. तिने पाय तसाच अधांतरी धरला आणि टाच जोरात आपटली. मावशींनीही कात्रीची मूठ टेबलावर आपटून साथ धरली.

हळूहळू दातकोऱ्यांचा च्यक् टाचेवर पडू लागला. मग तो कायमचा आळशी चौथासुद्धा बरोबर ठक्वर आला. त्यांना पत्ताच नव्हता. बटणवालीने ठेका जरा वाढवला. तेही वाढले. आणखी वाढवला, तेही आणखी, आणि एकाएकी "आई गं!" करून ते जीभ धरून वाकले. काडी तिच्या सदऱ्यावर पडली. थुंकीने चकाकणारी.

"चावली वाटतं," मावशी गंभीरपणे म्हणाल्या, आणि अख्खी रांग सदऱ्यांत तोंड खुपसून हसली.

त्या दिवशी एकही बटण फुटलं नाही. मशीन तिचीच राहिली. तिने ती काडी चिंधीत धरून फेकली. पण ते ओलं तोंड दुपारभर आपण टाचेला बांधून ओढत होतो, हे आठवून तिच्या अंगावर शहारा आला.

घरी ती ताट पुढ्यात घेऊन जेवत होती.

"आई, शी! काय गं करतेस?" लेक ओरडली.

"काय केलं मी?"

"दात चोखतेस! तीनदा केलंस आत्ता!"

तिने ओठ घट्ट मिटले. पण आत जीभ दाताला टेकून चौथ्यासाठी तयार बसली होती.