शेरीफचा आवाज

डबिंगच्या स्टुडिओत तिला सगळे ‘किंकाळी’ म्हणत. हे नाव पाडलं होतं तिच्या सख्ख्या मोठ्या भावानंच. परदेशी वेस्टर्न पिक्चरांतल्या शेरीफला तीस वर्षं त्यानं आवाज दिला होता. तो शेरीफ सरळमार्गी, रुबाबदार, स्वतःहून कधी बंदूक न उपसणारा. टेकडीवरून आदिवासींची टोळी घोडे उधळत आली की मागच्या माइकवर आरोळ्या ठोकायच्या, गोळी लागली की एकदाच ‘आऽऽ’ करून मरायचं, हे हिचं काम. एकेका पिक्चरमध्ये ती चाळीस वेळा मरे. वाक्य मात्र एकही नसे.

या खेपेचा पिक्चर वेगळाच निघाला. माळरान तेच, घोडे तेच, पण शेरीफ दारुडा, जमिनीसाठी वस्त्या जाळणारा. एका निःशस्त्र माणसाला तो पाठीत गोळी घालतो. तो माणूस पटकन मरतही नाही, तीन मिनिटं पाणी मागत राहतो. मग त्याची बहीण कचेरीत येऊन शेरीफला जाब विचारते. त्या बहिणीची सगळी वाक्यं किंकाळीला मिळाली होती.

दादानं संवादांचे कागद स्टँडवर आपटले.

“हा शेरीफ आहे की दरोडेखोर?” तो दिग्दर्शिकेवर खेकसला. “लोक येतात ते भल्याचं भलं झालेलं बघायला. ही घाण हवीय कुणाला?”

“जुन्या पिक्चरांत ज्याच्या हातात बंदूक, त्याचीच गोष्ट असायची,” दिग्दर्शिका म्हणाली. “इथं ज्याला गोळी लागली, त्यालाही तोंड आहे.”

“तोंड!” दादानं बहिणीकडे बघून नाक मुरडलं. “हिला चार शब्द धड बोलता येतात का, ते बघ आधी. जन्मभर किंचाळण्यापलीकडे केलंय काय?”

किंकाळीनं आपले कागद खाली ठेवले. “बोलू दिलंस कधी? दोनदा भूमिका चालून आली होती मला. दोन्ही वेळा तूच सांगितलंस, ती आरोळ्यांनाच बरी. मला कळलं नाही, असं वाटलं तुला?”

“खरं तेच सांगितलं,” दादा म्हणाला आणि त्यानं कानांवर हेडफोन चढवला.

लाल दिवा लागला. पडद्यावरची बाई टेबलापाशी आली आणि किंकाळी म्हणाली, “त्याचे हात वर होते.”

कागदावर शेरीफचं उत्तर होतं, “होते. मग?” दादा मात्र आपल्या ठेवणीतल्या भारदस्त आवाजात म्हणाला, “बाई, बंदूक आधी त्यानं उपसली. माझा नाइलाज झाला.”

“कट!” दिग्दर्शिका ओरडली. “ओठ दोन शब्दांपुरते हलतायत आणि तुम्ही भाषण करताय. लिहिलंय तेच बोला.”

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या वेळी किंकाळीनं पडद्याकडे पाहिलंच नाही. ती सरळ भावाकडे वळली.

“त्याचे हात वर होते. पाठीत घातलीस तू. दोनदा!”

शेवटचे शब्द कागदावर नव्हते. दादाचा पारा चढला.

“होते! मग?” तो ओरडला. “काय वाकडं करणार आहेस माझं?”

आवाज चिरका, विखारी निघाला. तीस वर्षांचा रुबाब कुठल्या कुठे गेला होता. काचेपलीकडून दिग्दर्शिका शांतपणे म्हणाली, “हाच घेते. पहिले दोन शब्द ठेवून बाकीचं कापते.”

“मी संवाद म्हणत नव्हतो!”

“ते ऐकू आलं.”

दादानं हेडफोन फेकला. “पूस ते! पुढच्या कामाला ही असेल तर मी नाही,” म्हणत तो दार आपटून गेला. करार झालेला असल्यामुळे उरलेलं काम त्यानं नंतर एकट्यानं केलं, किंकाळी आवारात नाही याची आधी खात्री करून घेऊन.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. “वन्सं, तेवढी माफी मागून टाका ना. परवापासून धड जेवलेले नाहीत हे.”

 

“ताट झाकून ठेव, वहिनी. भूक लागली की जेवेल.”

तिनं फोन ठेवला आणि उद्याच्या रेकॉर्डिंगचे कागद पुढ्यात ओढले. भावाला पुरताना ती बाई जे बोलते, ते पाठ करायचं होतं. सलग अडीच पानं होती ती.