जानरावांचं नाक

जानरावांच्या नाकाइतकं तयारीचं नाक धाड गावाच्या पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. साठी उलटलेली, डोळे अधू, कान सोयीपुरतं ऐकणारे. पण नाक शाबूत. धम्मशीलाने गावाबाहेरच्या आपल्या शेतात कोंबड्यांचं शेड घातलं, तेव्हा पिल्लं यायच्या आधीच या नाकाला वास आला. पिल्लं आल्यावर तर जानरावांचं जेवणच तुटलं. बिचारे जेमतेम चार भाकरींवर आले.

ग्रामसभेत त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. गावाचं आरोग्य, लेकरंबाळं, माश्या, सगळ्यांची त्यांना एकदम काळजी वाटू लागली होती. ठराव झाला : पुढच्या सभेआधी पंच येऊन पाहतील, वास असेल तर शेड बंद. या शेडच्या भरवशावर धम्मशीलाचा नवरा संघर्ष पुण्यातली कंपनी सोडून घरी आला होता. शेड गेलं की तो पुन्हा पुण्याला, आणि ही इथे फोन कानाला लावून बसणार. लग्नानंतरची पहिली वर्षं तिने तशीच काढली होती, आणि तिला ती परत नको होती.

आता खरं सांगायचं तर वास येत होता. कोंबडीची विष्ठा म्हणजे काही केवडा नव्हे. शेडमागे तिचा ओला ढीग साचला होता. त्याचं खत करून बुलढाण्याच्या बागांसाठी विकायचं दोघांनी ठरवलं होतं, पण ठरवणं आणि करणं यांत आळस आडवा झोपलेला असतो. घरात वास सुटला की बाई काय करते? फिनेल ओतते. धम्मशीलाने तेच केलं, फक्त कॅन भरभरून. ढिगाचा गारा झाला आणि शेतात कोंबड्या नि बसस्टँडची मुतारी सुखाने एकत्र नांदू लागल्या. जानराव नाकाला रुमाल लावून बांधावर आले, डोळे भरून पाहून गेले.

संघर्ष पोट धरून हसला. "अवं, फिनेलनं जंतूच मारले तू. आता खत कोन बनवन, मी?"

"तुमीच बनवा," ती म्हणाली. "खाटेवर पडून व्हिडिओच तर पाहून राह्यले."

मग मात्र दोघं कामाला लागली. फिनेलचा गारा खड्ड्यात पुरला. शेडमधली ताजी विष्ठा आणली. सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, एक थर, विष्ठेचा एक, वर बेताचं पाणी. ढीग तापला. थंडीच्या सकाळी त्यातून चुलीवरच्या भातासारखी वाफ निघायची. ती रोज हात घालून पाहायची, निवला की दोघं मिळून खालीवर करायची. हळूहळू ढीग काळा, भुसभुशीत झाला आणि एक दिवस त्याला नुसता मातीचा वास आला. तिला रडू फुटलं. खताच्या ढिगापाशी रडणारी बाई गावाने पाहिली नाही, हे बरंच झालं.

बुलढाण्याच्या एका नर्सरीवाल्याने नमुना ठेवून घेतला. बंगल्यातल्या बायकांना गुलाबांसाठी खत फार आवडलं. फक्त पोत्यावर कोंबडीचं नाव नको, म्हणाल्या. त्यांचे गुलाब शाकाहारी होते.

पाहणीला पंच आले. सोबत जानराव, रुमाल घरूनच बांधून. अंबूबाई या पंचायतीच्या जुन्या सदस्या. त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर खत नाकाशी नेलं आणि बाकीच्यांपुढे धरलं. कुणालाच वास येईना.

"मले येऊन राह्यला ना!" रुमालाआडून जानराव म्हणाले. "डोकं उठलं माह्यं!"

"जानराव, रुमाल तं काढा," अंबूबाई म्हणाल्या.

रुमाल निघाला. जानरावांनी एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. मग रुमालाची घडी करून खिशात घातली. पंच हसत हसत जीपमध्ये बसले. शेड राहणार, असं अंबूबाईंनी जाता जाता सांगून टाकलं. धम्मशीलाने संघर्षकडे पाहिलं. तो उगाचच कुटार सारखं करत होता.

जानराव मात्र रेंगाळले. खताच्या पोत्यांभोवती फिरले, एक पोतं बोटाने दाबून पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले. आजवर ती त्यांच्या तोंडी नुसती 'ते पोल्ट्रीवाली' होती. "माह्या लिंबाइले दोन पोते देजो. लय चांगलं बनवलं तुवा."

धम्मशीला हरखली. माणूस नाकाने वाईट असेल, मनाने नसेल, असंही तिला वाटून गेलं. ती पोतं उचलायला वाकली.

"तिकडं वरच्या आळीतल्या पोल्ट्रीतून आनलं होतं मांगं," जानराव सांगत होते. "माह्या घराच्या भिंतीलेच लागून हाय ते. पन असं घान मारते, का दोन घास पोटात जात नाई."

तिचे हात पोत्यावरच थांबले. "मंग त्याची तक्रार काऊन नाई केली, काका?"

जानरावांना प्रश्नच कळला नाही. "त्याची कशी करन? तो आपला मानूस हाय."

धम्मशीलाने पोतं होतं तिथे राहू दिलं, हात झटकले आणि ती शेडमध्ये कोंबड्यांना पाणी द्यायला निघून गेली.