ओल्या कापसाची ओळ

लालीबाईची दोन बोटं कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग मशीनच्या रोलरमध्ये गेली तेव्हा घाटंजीच्या त्या कारखान्यात नुजहतला सुरक्षा अधिकारी म्हणून जेमतेम एक हंगाम झाला होता. बाईला यवतमाळच्या दवाखान्यात पोचवून ती परतली, तर मॅनेजर कमलाकरराव दारावर नवी पाटी ठोकून घेत होते : ‘सावधपणे काम करा.’

“साहेब, अशी पाटी आत आधीच आहे.”

“मोठी लावतो. बाईलाही कामावरून काढलंय. चालू मशीनमध्ये हात घातलाच कसा तिनं? निष्काळजीपणा, दुसरं काय!”

नुजहतला चीड आली. मागच्या अपघातानंतरही हेच. त्याआधी हातमोजे वाटले होते, तेच रोलरमध्ये अडकायला लागले.

दवाखान्यात लालीबाई म्हणाली होती, “ताई, कापूस ओला येऊन राह्यला. घडीघडी अडकते. मशीन बंद कराची म्हटलं तं मशिनींची अख्खी ओळ बंद होते, अन् बटन तिकडं भिंतीपाशी. फोरमन वरडते. मंग काय करू मी?”

नुजहतनं हे कमलाकररावांना जसंच्या तसं सांगितलं. “प्रत्येक मशीनपाशी बटण द्या. रोलरवर जाळी बसवा, उघडली की मशीन थांबेल अशी. माणूस चुकणारच, हे धरूनच कारखाना उभारायचा असतो.”

“तीस वर्षं पाहून राह्यलो मी हे काम,” कमलाकरराव वैतागले. “चला, दाखवतो.”

ते तरातरा ओळीत गेले. एका मशीनवरच्या मैनाबाईला बाजूला करून स्वतः कापूस सोडू लागले. थोडा वेळ बरं चाललं. मग एक ओला गठ्ठा रोलरच्या तोंडाशी दाटला. त्यांनी काडीनं ढोसला, काडी मोडली. मागून फोरमन सवयीनं ओरडला, “ओळ थांबवू नका!” आणि कमलाकररावांचा हात पुढे गेला.

नुजहतनं त्यांची बाही धरून त्यांना इतक्या जोरात मागे ओढलं की दोघंही कापसात पडले. मैनाबाई भिंतीकडे धावली. ओळ थांबली.

कमलाकररावांनी आपली बोटं उघडून-मिटून पाहिली. “मी... हात घालणार नव्हतो,” ते म्हणाले. “आपोआप गेला.”

“तिचाही तसाच गेला, साहेब,” नुजहत म्हणाली.

लालीबाईला त्यांनी परत बोलावलं, वजनकाट्याच्या कामावर बसवलं. त्या ओळीत मशीनमशीनपाशी बटणं आली, जाळ्या आल्या. फोरमनलाही ताकीद मिळाली. नुजहतला वाटलं, संपला एकदाचा हा जाच.

मग तिनं पलीकडच्या ओळीचं विचारलं.

“ती पुढच्या हंगामात पाहू,” कमलाकरराव म्हणाले. “तिथं आजवर काही झालं नाही ना!”

नुजहतनं कपाळावर हात मारला, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर ठाण मांडून बसली.

“त्या ओळीत कापूस काय कोरडा येतो, साहेब?”