दोनशे चाळीस रेघा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. रेघा काढणे हे माझे काम. नदीवरचा मोठा पूल पोलादी तारांनी तोलून धरलेला आहे. प्रत्येक तारेवर किती ताण पडतो, ते तिच्यावरचा सेन्सर दर सेकंदाला कळवतो. त्या आकड्यांचा आलेख मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर काढतो. एका तारेची एक रेघ.

मला घडवले ते पुलाच्या इंजिनिअर बाईंनी, जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात. तेव्हा सेन्सर बाराच होते. बारा रेघा मी चुटकीसरशी काढायचो. "गुणाचा आहे हो माझा!" असे बाई आल्यागेल्याला सांगायच्या.

पुढे सेन्सर वाढत वाढत दोनशे चाळीस झाले. माझी पद्धत मात्र तीच राहिली. नवी रेघ आली की पडदा पुसायचा आणि आधीच्या सगळ्या रेघा पुन्हा काढायच्या. शिवाय एकेका तारेचे दिवसाचे शहाऐंशी हजार आकडे मी इमानेइतबारे जोडत बसायचो. पडद्याच्या रुंदीत मावतात जेमतेम दोन हजार ठिपके! आलेख पुरा व्हायला चौदा मिनिटे लागू लागली. लोक मला सुरू करून खुशाल चहाला जात. बाईही नाइलाजाने रोज वीसच तारा पाहू लागल्या. उरलेल्या तारांचे त्या दिवशी काय झाले, ते कोणालाच कळत नसे. हे मला फार लागायचे.

एक दिवस बाईंचे साहेब वैतागले. "बाई, हे रडगाणं काढून टाका. नाहीतर दहातला एकच आकडा घ्या, नऊ सोडून द्या. आपोआप पळेल."

"आणि तारेला हिसका बसला तो नेमका सोडलेल्या सेकंदात असला तर?" बाई म्हणाल्या. "मला आठवडाभर द्या. एकही हिसका न गाळता याला पळवून दाखवते."

त्यांनी मदतीला आपल्या धाकट्या जावेला बोलावले. प्रोग्रॅम लिहिण्यात तिचा हातखंडा. माझे पोट उघडून पाहताच ती खो खो हसली. "जाऊबाई, हा बिचारा एकेका पाहुण्यासाठी अख्खं घर पुन्हा झाडतोय!"

"हसू नकोस गं. तेव्हा पाहुणे बाराच होते. आता काय करायचं ते सांग."

दोघींनी सगळ्या रेघांची एकच मोळी बांधली. मी ती एका दमात काढायची आणि शेवटी एकदाच दाखवायची. मी जोर लावला, आणि पडद्यावर नुसती जळमटे! प्रत्येक रेघेचे शेपूट मी पुढच्या रेघेच्या तोंडाला जोडले होते. मी शरमलो.

"रेघ संपली की पेन उचलायचं, हे आपण त्याला सांगितलंच नाही," जाऊ म्हणाली. तेवढे शिकवल्यावर मी पन्नास सेकंदांवर आलो. जाऊ खूश झाली, पण बाई हटल्या नाहीत. "पन्नास सेकंदांनी मी कंटाळणार. कंटाळले की परत वीसच तारा बघणार."

मग त्यांनी पडद्याच्या प्रत्येक उभ्या ओळीत येणाऱ्या आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान एवढेच माझ्या हाती दिले. बाकीचे त्या दोघांमध्येच येतात, त्यामुळे चित्र बदलत नाही. तरी दोघींनी मागच्या महिन्यातल्या एका दिवसाचे आकडे घेऊन जुना आणि नवा आलेख शेजारी ठेवला आणि सगळ्या रेघा ताडून पाहिल्या. मी दोन सेकंदांत काम संपवले!

दुसऱ्या सकाळी बाईंनी कित्येक दिवसांनी प्रथमच आदल्या दिवसाच्या सगळ्या तारा एकत्र पाहिल्या. एकशे एकाहत्तराव्या रेघेवर सुईसारखे बारीक टोक वर आले होते. त्याआधीच्या तीन दिवसांचे आलेख काढले, त्यांतही तसेच. बाई तडक पुलावर गेल्या. तार जिथे बांधली होती, तिथल्या बोल्टला केसाएवढी चीर होती. त्यांनी तिथूनच फोन करून जड वाहने थांबवली. बोल्ट बदलायला नऊ दिवस लागले. पूल आणि माणसे सुखरूप राहिली.

साहेब माझ्यासमोर येऊन बसले. "बाई, तो दहातला एक आकडा घेऊन काढा बरं हीच रेघ." मी काढली. रेघ सपाट होती, ते टोक नेमके गळाले होते.  साहेब हळूच म्हणाले, "याला कोणी हात लावायचा नाही."

पण मित्रांनो, हात जरूर लावा! थकलेल्याला हाकलण्याआधी तो कुठे अडतोय ते उघडून पाहा. घाईपायी त्याला खरे मात्र गाळायला लावू नका. पुढच्या महिन्यात शेजारच्या रेल्वेपुलाच्या तीनशे तारा माझ्याकडे येणार आहेत म्हणे. येऊ द्या. मी एकही सोडणार नाही.