पाठीवरचा खटका

मी पॉवर सप्लाय बोलतोय. ओळखलं नाहीत ना? असू द्या, मला सवय आहे. गेमिंग कॉम्प्युटर म्हटलं की लोक रंगीत दिवे बघतात, गरगर फिरणारे पंखे बघतात आणि "वा!" म्हणतात. त्या सगळ्यांच्या खाली, पार तळाशी, एक काळा लोखंडी डबा असतो. तो मी. भिंतीतली वीज घ्यायची आणि ज्याला जेवढी हवी तेवढी मोजून वाढायची, हे माझं काम. मी आहे म्हणून बाकीच्यांचा थाट आहे, आणि हे सांगायला मी अजिबात लाजत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझ्यावर भलामोठा भार टाकून मला तासन्‌तास राबवलं. शेजारचे दोघे त्या परीक्षेत धूर सोडून मोकळे झाले. मी नुसता कोमट झालो. तेव्हापासून माझी मान ताठ आहे.

पण दुकानात ताठ मानेला कोण विचारतो? ग्राफिक्स कार्डं समोरच्या काचेत भाव खात बसलेली, आणि आम्ही खालच्या खणात. गिऱ्हाईक तासभर कार्डं न्याहाळायचं आणि जाता जाता विचारायचं, "आणि तो सप्लाय का काय असतो तो?" दुकानदार म्हणायचा, "टाकतो ना कुठला तरी." कुठला तरी! ऐकून माझा असा संताप व्हायचा म्हणून सांगू.

मग एक दिवस ती आली. नर्सच्या गणवेशात, थेट ड्यूटीवरून. बरोबर नवरा होता.

"सासऱ्यांसाठी कॉम्प्युटर बांधायचाय," ती म्हणाली. "ट्रक चालवायच्या गेमसाठी."

"सासऱ्यांसाठी?" दुकानदाराला हसू आवरेना.

"हसू नका हो. जन्मभर ट्रक चालवलाय त्यांनी. आता डावा गुडघा वाकत नाही, क्लच दाबला जात नाही. गाडी सुटली आणि त्यांचं बोलणंच बंद झालं. पूर्वी निघताना दारातून 'येतो गं' म्हणून अशी हाक द्यायचे की अख्ख्या जिन्याला ऐकू जायची. आता दिवसभर खिडकीत बसून असतात. कुठे जायचंच नाही, तर 'येतो' कुणाला म्हणणार?"

दुकानदार ओशाळला. पण धंदा तो धंदा. त्याने सगळ्यात मोठं कार्ड पुढे सरकवलं.

"अहो, त्यांना ट्रक हाकायचाय, विमान नाही," असं म्हणून तिने मधलं कार्ड घेतलं. पडदा मात्र चांगला रुंद निवडला, कारण बाबांना दोन्ही बाजूंचे आरसे दिसायला हवेत. स्टिअरिंग असं घेतलं की वळवताना हाताला ओढ लागेल आणि क्लचचं काम त्यावरच्या बटणाने होईल. नवऱ्याचा सगळा जीव दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये अडकलेला.

"बाबांना दिवे आवडतील गं."

"बाबांना हेडलाइट आवडतात. ते गेममध्ये आहेत." झालं, साधं हवेशीर कॅबिनेट ठरलं.

"आणि सप्लाय टाकतो कुठला तरी," दुकानदार म्हणाला.

"कुठला तरी नको! मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. भारीतली भारी यंत्रं असतात तिथे, पण वीज डळमळली की सगळी नुसते ठोकळे. आधी प्रत्येकाला किती वीज लागते ते सांगा, मग त्याहून जरा जास्तीचा दाखवा."

त्याने मला खणातून काढलं. तिने मला दोन्ही हातांत तोललं आणि म्हणाली, "हा. हा खरा." इतक्या जणांत कुणीतरी मला पारखून घेतलं होतं! त्या दिवसाचा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

रविवारी जेवणाच्या टेबलावर जोडणी सुरू झाली. ती जोडत होती. नवरा स्क्रू धरत होता आणि न मागता सल्ले देत होता. बाबा खिडकीत, आमच्याकडे पाठ करून.

"बाबा, बघा तरी."

"खेळणी ती. माझं वय काय, तुमचं चाललंय काय!"

सगळं जोडून झालं. तिने पुढचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पंखा हलेना, दिवा लागेना. तिने मेमरी काढून पुन्हा बसवली, कार्ड काढून पुन्हा बसवलं, वायरी तपासल्या. ढिम्म!

"तो सप्लायच खराब निघाला," नवऱ्याने खापर फोडलं. माझ्यावर! अहो, माझ्या पाठीवर एक खटका असतो, आणि मी कारखान्यातून निघालो तेव्हापासून तो बंदच होता. माझ्यात दोष नव्हता हो! पण सांगणार कसा? ती खुर्चीत मटकन बसली. तिचे डोळे भरून आले.

"काय झालं?" खिडकीतून आवाज आला.

"चालू होत नाहीये, बाबा."

"चालू होत नाही म्हणजे काय?"

घरात एक गाडी उभी आणि ती चालू होत नाही, हे त्या माणसाला सहन होईना. बाबा काठी टेकत उठले. पुढच्या बटणाला त्यांनी हातही लावला नाही. ट्रकला चावी लावण्याआधी ते जन्मभर गाडीभोवती एक फेरी मारत आले होते. तसेच पाय ओढत टेबलाला वळसा घालून मागे आले आणि वाकले.

"पोरी, हा मागचा खटका कशाचा?"

तिने कपाळावर हात मारला. "अय्या! बाबा, दाबा तो! दाबा!"

त्यांनी खटका दाबला, तिने बटण दाबलं, आणि मी सगळ्यांची पानं एकदम वाढली. पंखे फिरले, पडदा उजळला.

"पुढूनच काय झोंबताय तिच्याशी? आधी फेरी मारायची असते गाडीला," बाबा ओरडले. इतक्या महिन्यांनी ते ओरडले आणि नवरा-बायको दोघं वेड्यासारखी हसत सुटली.

मग बाबा स्टिअरिंगवर बसले. सवयीने त्यांचा हात पट्टा ओढायला खांद्याकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. ते स्वतःशीच हसले आणि आरसा बघून गाडी काढली. पहिल्याच वळणावर खांबाला ठोकली, ती गोष्ट वेगळी.

त्यानंतर कार्ड बदललं, मेमरी वाढली. मी तोच आहे. आता थोडा म्हातारा झालोय, पंखा जरा कुरकुरतो. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. माझ्या जातीतल्या कुणाला "कुठला तरी" म्हणू नका, आणि अधूनमधून आमच्या जाळीवरची धूळ पुसत जा.

माझी जाळी बाबाच पुसतात. रोज चहा झाला की टेबलाभोवती फेरी मारतात, माझ्या पाठीवर थाप मारतात, खटका दाबतात. मग खुर्चीत बसण्याआधी स्वयंपाकघराकडे बघून अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशी हाक देतात, "येतो गं!"

"सावकाश या, बाबा," आतून ती म्हणते.

आणि मी कामाला लागतो.