सरसेनापतींचे कान

जावयाची नोकरी डाग पाडण्याची होती. साबणाच्या कारखान्याची एक प्रयोगशाळा होती. तिथे पांढऱ्या कापडाचे चौकोनी तुकडे यायचे आणि त्यांच्यावर चहा, शाई, वंगण नि चिखल यांचे अगदी एकसारखे डाग पाडणं हे त्याचं काम. ते डाग धुऊन काढणारे लोक वेगळे होते आणि जाहिरातीत फोटो त्यांचाच यायचा. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. "आमचे जावई साबणात आहेत," एवढंच त्या सांगत. ऐकणारा काय समजायचं ते समजे.

दिवसभर डाग पाडून दमलेला हा माणूस घरी आल्यावर विरंगुळा म्हणून काय करायचा, तर डाग पाडायचा. अंतराळयुद्धाच्या जुन्या मालिकांमधल्या वीरांच्या वीतभर उंचीच्या फिगर जमवायच्या आणि त्या आपल्या हातांनी नव्याने रंगवायच्या, हा त्याचा छंद. त्यांना खेळणी म्हटलेलं तो एक वेळ सहन करी. बाहुला म्हटलं की त्या दिवशी तो लवकर झोपायचा.

सध्या टेबलावर सरसेनापती होते. मालिकेत त्यांनी वाळूच्या ग्रहावर उभं आयुष्य लढण्यात घालवलेलं, पण खोक्यातून निघाले ते चकचकीत हिरव्या चिलखतात, लग्नाला निघाल्यासारखे. "एवढं युद्ध आणि चिलखतावर एक ओरखडा नाही," जावई बायकोला म्हणाला होता. "म्हणजे हा माणूस कचेरीत बसून होता."

मग त्याने त्या हिरव्याची चकाकी घासून काढली. त्यावर मळकट करडा दिला. स्पंजाच्या तुकड्याने कडांवर रंग उडाल्यासारखे टवके उमटवले, सांध्यांमध्ये पातळ तपकिरी रंग सोडला आणि गुडघ्यांवर गंजाची पूड कुंचल्याने अशी बसवली की पाहणाऱ्याच्याच गुडघ्यात कळ यावी. आता वरून फक्त वॉर्निश मारायचं राहिलं होतं. ते मारलं की धूळसुद्धा पक्की होते. पण हवा दमट होती, म्हणून तो थांबला आणि जरा वारा लागावा म्हणून सरसेनापतींना स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं करून कामावर गेला. शत्रूच्या छावणीत आपला माणूस आपणच ठेवून आलो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

सासूबाई त्या घरात 'आठ दिवसांसाठी' आल्या होत्या. त्यांच्या इमारतीचा जिना तीन मजल्यांचा, आणि त्याच जिन्यावर त्या पडल्या होत्या. हाड मोडलं नाही, पण लेकीचा धीर मोडला. ती जाऊन आईला घेऊनच आली. त्याला दोन महिने झाले, तरी सासूबाईंची निळी बॅग खोलीच्या दारामागे भरलेलीच होती. कपडे बॅगेतून निघत, अंगावर चढत, धुतले जात आणि घडी होऊन पुन्हा बॅगेत जात. लेकीने रिकामा करून दिलेला कपाटाचा कप्पा रिकामाच होता.

"ती बॅग ज्या दिवशी रिकामी होईल ना," बायको म्हणायची, "त्या दिवशी मी सुटले. नाहीतर एक दिवस ती उचलेल आणि त्या जिन्याकडे चालू लागेल."

म्हणून जावई सासूबाईंशी अतिशय चांगलं वागत होता. त्यांच्या कुठल्याही बोलण्याला त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याही पंखा लावायच्या आधी विचारत. एकदा स्वयंपाकघराच्या दारात दोघं समोरासमोर आले आणि "आधी तुम्ही", "छे, तुम्ही" असं इतका वेळ चाललं की आत दूध उतू गेलं. त्याबद्दल दोघांनी एकमेकांची माफी मागितली.

त्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा सरसेनापती भांड्यांच्या जाळीत होते. एका बाजूला डाव, दुसऱ्या बाजूला किसणी आणि मधे ते, डोकं खाली, पाय वर, निथळत. शिरस्त्राण चमच्यांमध्ये ठेवलेलं. गंज गेला होता. धूळ गेली होती. कडांचे टवके गेले होते आणि खालचा मूळ हिरवा इथूनतिथून हसत होता.

"खिडकीत होता बिचारा," सासूबाई हात पुसत म्हणाल्या. "कुठे पडला होता कोण जाणे, सांध्यासांध्यांत मळ. गरम पाण्यात भिजत घातला आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला सगळा. गुडघ्यांना वेळ लागला. पण निघाला की नाही लख्ख?"

जावयाने श्वास आत घेतला आणि तो बराच वेळ आतच ठेवला.

"छान," तो म्हणाला. "फारच छान निघालाय."

गोष्ट इथेच मिटली असती. पण तेवढ्यात बायको कामावरून आली, पर्स खांद्यावरून उतरवता उतरवता तिने जाळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हे काय? रविवारी प्रदर्शन ना तुझं? महिनाभर रंगवत होतास तो गंज कुठे गेला?"

सासूबाईंनी जाळीकडे पाहिलं. मग जावयाकडे. मग हातातल्या फडक्याची घडी केली, ती मोडली आणि पुन्हा केली.

"तो मळ रंगवलेला होता?"

"असू दे हो आई," जावई घाईघाईने म्हणाला. "काही बिघडलं नाही. उलट बरंच झालं."

सासूबाई खोलीत गेल्या. थोड्या वेळाने बॅगेच्या चेनचा आवाज आला.

"जातेय ती," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "तू तिला काही बोललास का?"

"मी कुठे काय बोललो?"

"तेच तर. तू माझ्यावर कसा ओरडतोस, टॉवेल ओला ठेवला म्हणून?"

जावई तिथेच उभा राहिला. टॉवेलवरून आपण खरंच ओरडतो, हे त्याला आठवलं. कुंचले भांड्यांच्या साबणाने धुतले म्हणून बायकोही त्याच्यावर तोंडसुख घेते. या घरात कोणी कोणाला सोडत नव्हतं. नुसतं "असू दे" ऐकावं लागे ते गॅसवाल्याला आणि पाहुण्यांना.

तो खोलीच्या दारात गेला. सासूबाई पलंगावर बसून शाल बॅगेत कोंबत होत्या.

"आई," तो म्हणाला आणि घसा खाकरला. रागवायची तयारी त्याने केली होती, पण सासूवर रागावण्याची सवय नसल्यामुळे आवाज कार्यालयीन लागला. "झाल्या प्रकाराबद्दल मी अत्यंत नाराज आहे."

सासूबाईंचा हात थांबला.

"विचारायचं होतंत. माझी वस्तू होती. पंखा लावताना विचारता, मग माणसाला उकळत्या पाण्यात घालताना नाही विचारत?"

"उकळतं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "कोमट होतं."

"गरम म्हणालात मघाशी."

"कोमटाच्या जरा वर."

"आणि खिडकीतल्या वस्तूला हात लावायचंच कशाला?"

"खिडकीत ठेवायचीच कशाला?" सासूबाईंचा आवाज एक पट्टी चढला. त्या घरात तो पहिल्यांदाच चढला होता. "स्वयंपाकघर आहे ते. तिथे मळकी वस्तू दिसली की मी धुणार. मला काय स्वप्न पडलंय, लोक मळ रंगवतात म्हणून? कुठली पद्धत ही?"

"तो माझा पगार आहे. कारखान्यात मी तेच करतो. डाग पाडतो."

सासूबाईंनी मान वर केली.

"साबणाच्या कारखान्यात?"

"हो."

"आणि मी सगळीकडे तुमचं नाव सांगत फिरते," त्या म्हणाल्या. बाहेर बायको तोंडावर ओढणी दाबून उभी होती. ती हसतेय की रडतेय, हे तिलाही ठरवता येत नव्हतं.

"ते राहू दे," जावई म्हणाला. आता त्याला जरा सूर सापडला होता. "साफ तुम्ही केलंत, घाणही तुम्हीच करायची. शनिवारी सकाळी टेबलाशी बसायचं. सुटका नाही."

शनिवारी त्या बसल्या. जावयाने पुन्हा करडा रंग दिला, सांध्यांत तपकिरी सोडला, स्पंज कसा टेकवायचा ते दाखवलं आणि डावा पाय त्यांच्या हवाली केला. डाग पाडायचा म्हणजे हात कसा मोकळा पाहिजे, हे तो समजावत होता. पण सासूबाईंचा हात जन्मभर उलट दिशेने चाललेला. त्यांनी गंज दिला तो एका ओळीत. टवके उडवले ते सारख्या अंतरावर. गुडघ्यावरची धूळ जरा बाहेर गेली, तर त्यांनी ती ओल्या बोळ्याने टिपून कड नीट केली.

"आई, हा गंज आहे. शिवणाची टीप नाही."

"मग काय, कसाही माखू?"

"कसाही."

"नाही जमत हो," त्या वैतागून म्हणाल्या. पण कुंचला त्यांनी सोडला नाही.

चेहऱ्याची वेळ आली, तेव्हा मात्र त्या अडून बसल्या. मालिकेत सरसेनापतींचा चेहरा काजळीने काळवंडलेला होता, हा पुरावा जावयाने फोटोसह सादर केला.

"युद्धावर असला म्हणून तोंड धुवायचं नाही?" सासूबाई म्हणाल्या. "चिलखताचं काय ते करा तुम्ही. तोंडाला आणि कानांमागे मी हात लावू देणार नाही."

बराच वाद झाला. जावई हरला, आणि हरताना त्याला बायकोशी हरल्यासारखंच वाटलं. दुपारी ऊन पडलं, हवा कोरडी झाली. त्याने वॉर्निश मारलं. आता सरसेनापतींचे कान कायमचे स्वच्छ राहणार होते.

रविवारी सकाळी नवीनच अडचण निघाली. मूळ खोक्यात सरसेनापती घासले जात होते आणि ताज्या रंगाला धक्का चालणार नव्हता. पिशवी फार मऊ, डबा फार लहान. जावई घरभर फिरला आणि खोलीच्या दारामागे येऊन थांबला.

"ही बॅग लागेल," तो म्हणाला.

"त्यात माझे कपडे आहेत."

"मग काढा. प्रदर्शन दहाला उघडतं. शाल फक्त राहू द्या, खाली अंथरायला."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी त्याच्या बोलण्यात विनंती नव्हती, "तुम्हाला चालत असेल तर" नव्हतं. त्यांनी चेन उघडली आणि कपड्यांच्या घड्या एकेक करून कपाटाच्या कप्प्यात ठेवल्या, कडेला कड लावून. बायको दारात उभी राहून बघत होती आणि अजिबात काही बोलत नव्हती. तिच्या मानाने ही मोठीच गोष्ट होती.

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. परीक्षकाने भिंग लावून डावा पाय पाहिला आणि म्हणाला, "गंज इतका शिस्तीत?" मग चेहरा पाहिला. "आणि कान स्वच्छ. हे काय आहे?"

जावयाने सरसेनापतींकडे पाहिलं.

"घरी वडीलधारं माणूस आहे त्यांच्या," तो म्हणाला.

परीक्षकाने कागदावर काहीतरी खोडलं आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला.

संध्याकाळी सरसेनापती शालीत गुंडाळून परत आले. सासूबाईंनी त्यांना बाहेर काढलं, उजेडात धरून सगळीकडून पाहिलं आणि शाल झटकून खांद्यावर घेतली.

"बॅग दारामागे ठेवू का, आई?" जावयाने विचारलं.

"मला कशाला विचारता, तुमच्या सरसेनापतींची आहे ती," सासूबाई म्हणाल्या, आणि उठून न विचारता पंखा लावला. "वर माळ्यावर टाका. आणि आधी पुसा तिला, किती डाग पाडून आणलेत."